नाव अर्धंच आठवतंय

कोड एडिटरच्या इतिहासात ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ यांच्या भांडणाला फार जागा मिळते. मला त्याहून एक बारीक प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हजारो क्लासांच्या ढिगातून हवा तो क्लास नावावरून शोधायचा कसा? यावर जी उत्तरं निघत गेली, त्यांतून प्रोग्रामरला काय काय आठवत असेल, याबद्दलच्या अपेक्षा दिसतात.

१९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो अल्टोतल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी स्मॉलटॉकसाठी ब्राउझर बनवला. वर चार रकाने, खाली कोड. आधी वर्गवारी निवडायची, मग क्लास, मग मेथडचा गट, मग मेथड. ग्रंथालयासारखंच, कपाट माहीत असेल तर पुस्तक सापडणार. तिकडे बर्कलीत केन अर्नोल्ड यांनी ‘सीटॅग्ज’ लिहिलं. त्यात फंक्शनांची नावं आणि त्यांचे पत्ते वर्णानुक्रमे एका फाइलीत लागत. ‘व्हीआय’ ती यादी पाहून थेट त्या ओळीवर नेई. मात्र नाव नेमकं ठाऊक हवं.

जावा आली आणि नावं लांबली. स्प्रिंगमधला ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट-सिंगलटन-प्रॉक्सी-फॅक्टरी-बीन’ हा क्लास पाहा. खरं नाव सलग लिहिलेलं आहे, इथल्या रेघा माझ्या. एवढं कोण पाठ करणार? २००१मध्ये आलेल्या इक्लिप्स आणि इंटेलिजे यांनी पुढे सोय दिली: फक्त कॅपिटल अक्षरं टाइप करा. ‘एनपीई’ म्हटलं की ‘नल-पॉइंटर-एक्सेप्शन’ हजर. २०१६मध्ये मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि कोडेन्व्ही यांनी जाहीर केलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलने तर आणखी सैल नियम सुचवला: टाइप केलेली अक्षरं त्याच क्रमाने नावात कुठेही आली की पुरे.

सैल शोधाने दुसरी अडचण आणली, ती म्हणजे उत्तरांची गर्दी. जावात ‘लिस्ट’ नावाचे दोन प्रकार आहेत, एक ‘युटिल’मध्ये, दुसरा ‘एडब्ल्यूटी’मध्ये. पहिला जवळपास नेहमी लागतो, दुसरा क्वचित. म्हणून कुठलं उत्तर वर दाखवायचं, हे ठरवणं शोधण्याइतकंच मोलाचं ठरलं.

या सगळ्या सुधारणा अर्धवट आठवणाऱ्यासाठी झाल्या. ज्याला नाव ठाऊकच नाही, तो मात्र राहिलाच. टीममध्ये नव्याने आलेली मुलगी ‘कस्टमर’ शोधते. दहा वर्षांपूर्वी कुणी तरी त्यालाच ‘पार्टी’ म्हणून ठेवलेलं असतं. अक्षरं कितीही सैल जुळवली तरी या दोन शब्दांची गाठ पडत नाही. मग तिला शेजाऱ्याला विचारावं लागतं, आणि शेजारी नोकरी सोडून गेला असेल तर दिवस जातो.

म्हणून मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात एकच विचारतो: तू आधी कोणता शब्द टाइप केलास? तो शब्द मी त्या क्लासच्या वरच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवतो. पुढच्याला निदान साध्या मजकूर-शोधात तरी तो सापडतो.