साडेबारा टक्के आणि अम्मीचा हिस्सा

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. एकदा दहावीच्या वर्गात 'प्रकल्पग्रस्त' हा शब्द आला. अर्थ विचारला, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, ज्यांना साडेबारा टक्के मिळतात ते." वर्ग हसला. आमच्या पनवेल-उरण भागात या शब्दाचा अर्थ आज खरोखर तेवढाच उरला आहे. पण त्या साडेबारा टक्क्यांमागे पाच माणसांचे जीव आहेत, हे त्या वर्गात एकालाही माहीत नव्हतं.

नवी मुंबईची कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी 1965 साली 'मार्ग' नियतकालिकात मांडली. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे आधी सांगतो. शहर वसलं की जमिनीचा भाव वाढतो. ती वाढ सट्टेबाजांच्या खिशात जाण्याऐवजी सगळी जमीन सरकारने आधीच घ्यावी आणि वाढलेल्या भावातून रस्ते, पाणी, घरं उभी करावीत, असा तो विचार. हिशेब चोख होता. फक्त ज्याची जमीन, त्याचा त्या वाढीत काही वाटा आहे का, हा प्रश्न त्यात कुठे बसत नव्हता.

17 मार्च 1970 रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं नकाशावरच्या एका रेषेच्या आत आली. भातशेती, खाडीलगतची खाजणं, मिठागरं. माणसं आगरी, कोळी, कराडी आणि आपले कोकणी मुसलमानही. यांतल्या कित्येकांच्या नावावर जमीन लागून जेमतेम तेरा वर्षं झाली होती. त्याआधी पिढ्यान्पिढ्या कुळं म्हणून राबणं. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सहा वर्षं जमिनी पडीक ठेवून खोतांशी झुंज दिली, तेव्हा कुठे कायद्यात कुळाला जागा मिळू लागली. पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा मालक झाला. माझ्या नानांचं नाव सातबाऱ्यावर असंच चढलं. अम्मी सांगते, नाना तो उतारा कुराणशरीफ ठेवायच्या कपाटात, खालच्या खणात ठेवायचे.

1894 च्या भूसंपादन कायद्यात एक मेख होती. कलम 4 ची अधिसूचना ज्या दिवशी निघाली, त्या दिवसाचा भाव धरायचा. ताबा आणि पैसे कितीही वर्षांनी होवोत, शेजारी सिमेंटच्या चाळीस इमारती उभ्या राहोत, भाव त्याच दिवसाचा. मिठागरात राबणाऱ्याच्या नावावर तर उताराच नव्हता. त्याला काय द्यायचं, हे त्या कायद्याने विचारलंच नाही.

हा संताप दि. बा. पाटलांनी संघटित केला. ते जासईचे, पेशाने वकील, शेतकरी कामगार पक्षाचे. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात हजारो शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन दिवसांत पाच जण गेले. माझे मोठे मामू त्या गर्दीत होते. मी तेव्हा चार वर्षांचा. ते परत आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती, एवढंच अम्मीला आठवतं. शहर नको, असं ती माणसं म्हणत नव्हती. आमच्या जमिनीवर शहर उभं करता, तर वाढलेल्या किमतीत आमचाही वाटा द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणजे 1965 च्या हिशेबात राहून गेलेला प्रश्न.

उत्तर यायला 1990 उजाडलं. जेवढी जमीन गेली, तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचा, असं ठरलं. मी हे गणित वर्गात फळ्यावर मांडलं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के पाच गुंठे. त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा. हातात साडेतीन गुंठे, तेही साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. मुलं गप्प झाली. तरी शहरातले साडेतीन गुंठे म्हणजे थोडीथोडकी दौलत नव्हे, हेही खरं. त्या भूखंडांवर बंगले झाले, इमारती झाल्या.

आमच्याही झाल्या. म्हणजे मामूंच्या. भूखंड कागदावरच्या वारसांना मिळतो. नाना वारल्यावर अम्मी आणि खालांनी हक्कसोडपत्रावर अंगठे दिले होते. 'भावाला नाराज कशाला करायचं', एवढ्यावर ते उरकलं. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट लिहिलेला आहे. आमच्या घरात तो सगळ्यांना पाठ आहे. सरकारने भाववाढ खाल्ली म्हणून रस्त्यावर उतरलेले माझे मामू. त्यांच्या धाडसाचा मला आजही अभिमान वाटतो. पण बहिणींची भाववाढ कुठे गेली, हे मी त्यांना कधी विचारू शकलो नाही. आता ते नाहीत.

2013 मध्ये विमानतळाभोवतीच्या गावांसाठी 'नैना' आली. नियोजन पुन्हा सिडकोकडेच. इथे नगररचना योजनेत मूळ जमिनीच्या 40 टक्के भूखंड मालकाला परत, असा हिशेब आहे. गावकऱ्यांचा विरोध आहे, सभा होतात, मीही दोन सभांना जाऊन बसलो. नानांची तिकडे थोडी वरकस जमीन राहिली होती, ती या हद्दीत येते. गेल्या महिन्यात मामेभाऊ नवं हक्कसोडपत्र घेऊन आला. पोरगा चांगला आहे, सभेत पहिल्या रांगेत असतो. अम्मीने चष्मा मागितला आणि मला म्हणाली, "आधी वाचून दाखव."

मी सगळं वाचून दाखवलं, क्षेत्र आणि गट नंबरासकट. तिने कागद घडी करून परत दिला आणि मामेभावाला जेवायला थांबवलं.