चाकोरीबाहेरचे चाक

कायद्याची भाषा आपण साहित्याची माणसे सहसा वाचत नाही. वाचली, तर काही ठिकाणी थांबावे लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या दुसऱ्या कलमात मोटार वाहनाची व्याख्या आहे. यंत्रशक्तीवर चालणारे आणि रस्त्यावर वापरण्याजोगे केलेले वाहन, असा तिचा गाभा. त्याच कलमात पुढे ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे काय तेही सांगितले आहे: रस्ता, गल्ली, वाट, किंवा जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी कोणतीही जागा, मग ती वहिवाटीची असो वा नसो. वाहनाच्या व्याख्येत रस्ता पक्का धरलेला आहे. जागेच्या व्याख्येत मात्र तो वाटेपर्यंत, आणि वाटेच्याही पलीकडे, सैल होत जातो. या दोन व्याख्यांमधल्या फटीत एका विशिष्ट जातीची मोटरसायकल उभी आहे. तिला ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. उंच बैठक, मोठे पुढचे चाक, जमिनीपासून वर उचललेले इंजिन, खडबडीत टायर. आणि या सगळ्यासोबत दिवा, आरसे, भोंगा व नंबरप्लेट. म्हणजे रानात शिरण्याची तयारी आणि आरटीओची मान्यता, दोन्ही एकाच सांगाड्यावर.

ही जात जन्मली ती जिथे रस्ता आणि रान यांची स्पष्ट फारकत झाली होती अशा देशात, म्हणजे अमेरिकेत. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिथे मातीत चालवायच्या मोटरसायकली मुख्यतः युरोपातून येत. त्या हलक्या आणि काटक होत्या. पण अनेकींना दिवाच नसे, त्यामुळे त्या दुसऱ्या गाडीवर लादून माळापर्यंत न्याव्या लागत. उलट ज्या ‘स्क्रॅम्बलर’ म्हणून विकल्या जात, त्या बहुधा रस्त्यावरच्याच गाड्या. फक्त सायलेन्सर वर उचललेला. १९६२ साली होंडाच्या अशाच एका गाडीवरून, सीएल ७२ वरून, डेव्ह एकिन्स आणि बिल रॉबर्टसन हे दोघे मेक्सिकोतील तिहुआना येथून ला पाझपर्यंत गेले. सुमारे ९५० मैलांचे ते अंतर एकिन्सने जवळजवळ ४० तासांत कापले. बाहा द्वीपकल्पात तेव्हा बहुतेक ठिकाणी डांबर नव्हते. तो प्रवास गाडीच्या जाहिरातीसाठी आखलेला होता, हे विसरता कामा नये. ‘आडवाट’ ही विकण्याजोगी वस्तू आहे, याचा शोध त्या सुमारास लागला.

ती वस्तू खऱ्या अर्थाने घडवली यामाहाने. १९६८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेली डीटी-१ ही २४६ सीसीची, टू-स्ट्रोक, एका सिलिंडरची गाडी. ती रस्त्याच्या गाडीला डागडुजी करून बनवलेली नव्हती. मातीसाठीच आखून मग तिला दिवे आणि नंबरप्लेटची जागा दिली होती. क्रमाची ही उलटापालट महत्त्वाची आहे. आता शनिवारी घरून निघून, रहदारीतून वाट काढून, थेट वाळवंटात शिरता येऊ लागले. १९७२ मध्ये होंडाने एक्सएल २५० ही फोर-स्ट्रोक गाडी आणली आणि पुढे इतर जपानी कंपन्यांनीही याच वाटेने आपापल्या गाड्या काढल्या.

परंतु याच १९७२ च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एक कार्यकारी आदेश काढला. सार्वजनिक जमिनींवर अशी वाहने कोठे चालावीत आणि कोठे चालू नयेत, हे संबंधित खात्यांनी ठरवून द्यावे, असा त्याचा आशय होता. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यात भर घालून, जिथे माती, झाडोरा वा वन्यजीवांची हानी होत असेल ते भाग तत्काळ बंद करण्याचा अधिकार दिला. नंबरप्लेट लावली की गाडी कायदेशीर होते; तिच्या चाकाखालची जमीन मात्र त्यामुळे मोकळी होत नाही. ही गोष्ट कळायला तिथे फार वर्षे लागली नाहीत.

युरोपने या गाडीला आणखी एक कथा दिली. थिएरी साबीन हा फ्रेंच मोटरसायकलस्वार १९७७ साली एका शर्यतीत लिबियाच्या वाळवंटात भरकटला, वाचला, आणि पुढच्याच वर्षी २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून डाकारकडे निघणारी शर्यत त्याने सुरू केली. मोटरसायकलींत पहिला आला सिरिल नव्हू, यामाहा एक्सटी ५०० वर. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस काढली. त्या दोन अक्षरांचा अर्थ जर्मनमध्ये ‘रान’ आणि ‘रस्ता’. मधली तिरपी रेघ म्हणजे या जातीचा सारा इतिहासच. १९८१ मध्ये ह्यूबेर ओरिओलने त्याच घराण्याच्या गाडीवर डाकार जिंकली. मात्र शर्यतीच्या नकाशावर जी रिकामी जागा दिसे, तिथे गावे होती. वाटेवरच्या त्या गावांतली माणसे, लहान मुलेही, वर्षानुवर्षे शर्यतीच्या वाहनांखाली सापडून मेली. एकाची आडवाट ही दुसऱ्याची घरची वाट असते.

आता आपल्याकडे वळू. भारतात ही जात उशिरा का आली, याचे उत्तर मला बाजारापेक्षा भाषेत सापडते. पाऊलवाट, गाडीवाट, पाणंद, आडवाट, घाट, सडक, हमरस्ता: रस्ता आणि रान यांच्यामध्ये मराठीने इतक्या पायऱ्या ठेवल्या आहेत. ‘वाट’ ही संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृतातून आली, ‘रस्ता’ फारसीतून. आणि दोन्ही शब्द एकमेकांत मिसळून नांदले. जिथे हमरस्ता पाणंदीत आणि पाणंद शेतात नकळत उतरते, तिथे प्रत्येकच गाडी ‘ड्युअल’ असते. १९६० च्या दशकापासून एस्कॉर्ट्सची राजदूत दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवून चिखलातून जात होती. सैन्यासाठी मागवलेली बुलेट सीमेवरच्या कच्च्या वाटांवर फिरत होती. त्यांना कोणी साहसी म्हटले नाही. तो रोजचा व्यवहार होता, आणि फटफटी हा त्याला पुरेसा शब्द होता.

म्हणून २०११ मध्ये हीरोने इम्पल्स ही १५० सीसी वर्गातली गाडी आणली तेव्हा ती फारशी रुजली नाही आणि काही वर्षांत बंद पडली. दरम्यान हमरस्ते रुंद आणि गुळगुळीत झाले. शहरातल्या माणसासाठी पाणंद ही सुट्टीच्या दिवशी मुद्दाम शोधायची गोष्ट झाली. २०१५ मध्ये सी. एस. संतोष हे डाकार पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१६ मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००. दोन्हींचे पुढचे चाक २१ इंची, जमिनीपासूनची उंची २२० मिलिमीटर. रस्ता आणि रान यांची फारकत आपल्याकडेही झाली, त्याचीच ही पावती.

अशीच एक गाडी चार वर्षांपूर्वी मी घेतली. महाविद्यालयाच्या आवारात ती उभी केली, की विद्यार्थी आधी तिच्या साडीगार्डकडे पाहून हसत. १९८९ च्या नियमांनुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मे तरी चाक झाकावे लागते. रानाच्या गाडीला साडीगार्ड, ही विसंगती मला मात्र आवडे. रान तुझे एकट्याचे नाही, असे ती सांगते.

ते मला स्वतःला कळायला वेळ लागला. पहिल्याच पावसाळ्यात मी साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या एका सड्यावर गाडी चढवली. सडा म्हणजे घाटमाथ्यावरचे जांभ्याचे उघडे पठार. त्यावर मातीचा पातळ थर, आणि त्या थरातच सीतेची आसवे आणि गेंद फुलतात. कुंपण नव्हते, पाटी नव्हती. मी एक मोठे वळण घेऊन परतलो. दहा मिनिटांचा आनंद. पुढच्या वर्षी त्याच दिवसांत पायी गेलो, तेव्हा माझे वळण तिथे तसेच होते. आजूबाजूला निळी-पांढरी फुले, आणि मध्ये हातभर रुंदीची, पाणी साचलेली, रिकामी रेघ. तिच्या पलीकडे आणखी चार-पाच रेघा होत्या. माझी रेघ पाहूनच कोणी पुढे गेले असावे.

‘चाकोरी’ हा शब्द आपण इतक्या वेळा लाक्षणिक अर्थाने वापरतो, की तिचा मूळ अर्थ चाकाने जमिनीत पडलेली खाच हा आहे, हे विसरतो. चाकोरीबाहेर जाणे आपल्या समीक्षेत नेहमीच प्रशंसेचे. या गाड्यांच्या जाहिरातीतही तेच. पण चाकोरीबाहेर गेलेले चाक तिथे नवी चाकोरी पाडते, एवढे साधे यंत्रशास्त्र दोघांनीही ध्यानात घेतलेले नाही. अमेरिकेत हा हिशेब १९७२ मध्ये कागदावर मांडला गेला. आपल्याकडे अभयारण्यांपुरता आणि काही राखीव पठारांपुरता तो आहे. उरलेल्या सड्यांवर तो चालवणाऱ्याच्या मनावर सोडलेला आहे.

गाडी मी विकलेली नाही. पाणंदीतून, बैलगाडीने आधीच पाडलेल्या खाचांमधून ती फार सुरेख जाते. तिथे तिचे लांब शॉकअप आणि मोठे चाक यांचा खरा उपयोग कळतो. समोरून गुरे आली की इंजिन बंद करून बाजूला थांबतो. सड्याच्या पायथ्याशी मात्र गाडी उभी करतो आणि वर चालत जातो. मागच्या पावसाळ्यात माझ्या रेघेत, एका टोकाला, गेंदाची पाच-सहा रोपे आली होती.