उपाहारगृहांची तपासणी

उपाहारगृहे, खानावळी व तत्सम ठिकाणी मिळणारे अन्न सुरक्षित आहे की नाही, याची शासनाने केलेली कायदेशीर पाहणी. भारतात ती अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ (अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून) अन्वये होते; महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचे अन्न सुरक्षा अधिकारी ती करतात. भिंतीवर लावलेल्या परवान्यापेक्षा भटारखाना बारकाईने पाहणे अधिक मोलाचे, कारण विषबाधेचे मूळ बहुधा तेथेच असते. कच्चे चिकन कापलेली सुरी न धुता तिनेच कोशिंबिरीची काकडी चिरल्यास साल्मोनेलासारखे जिवाणू न शिजवता खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात उतरतात. शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिल्यास, उकळीतही तग धरलेले बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू (सुप्तावस्थेतील टणक पेशी) रुजतात आणि त्यांच्यापासून वाढलेल्या जिवाणूंचे वांतिकारक विष भात पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून गरम पदार्थ ६०° से.च्या वर, तर थंड पदार्थ ५° से. किंवा त्याखाली ठेवावे लागतात. तळणीच्या तेलात वारंवार तापवल्याने साठणारी ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते वापरता येत नाही.

दोष आढळल्यास कलम ३२ अन्वये सुधारणा नोटीस दिली जाते व तिचे पालन न झाल्यास परवाना निलंबित, पुढे रद्दही होऊ शकतो. अस्वच्छ परिस्थितीत अन्न तयार केल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र पगार कापला जाईल या भीतीने जुलाब लपवून कामावर आलेला आचारी अशा पाहणीत सहसा उघड होत नाही.