अतिदक्षता विभागातील परिचारिका : एका प्रशिक्षणाचा इतिहास



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे येतात. शाळेच्या पुस्तकात बहुतेक जागा त्यांनीच व्यापलेली असते. परंतु ज्या सुधारणांमुळे माणसाचे आयुष्य वाढले, त्यांनाही इतिहास आहे आणि तो आपण क्वचितच वाचतो. त्यातील एक प्रकरण आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

इस्पितळातील आय.सी.यू., म्हणजेच अतिदक्षता विभाग, आपल्यापैकी पुष्कळांनी दाराबाहेरच्या बाकावर बसून पाहिला असेल. आत मोठमोठी यंत्रे आहेत, मोठे डॉक्टर आहेत, म्हणून आपला माणूस वाचेल, असे आपण एकमेकांना सांगतो. हे खरे आहे, पण पुरते खरे नाही. डॉक्टर दिवसातून काही वेळा येऊन तपासतात आणि यंत्र फक्त इशारा देते. तो इशारा ओळखून त्याच क्षणी योग्य ते करणारी व्यक्ती चोवीस तास खाटेशेजारी असते. ती म्हणजे परिचारिका. तिच्या हाती हे ज्ञान आणि हा अधिकार कसा आला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रारंभ

गंभीर रुग्णाला वेगळे ठेवून त्याच्यावर सतत नजर ठेवावी, ही कल्पना जुनी आहे. क्रिमियाच्या युद्धात, १८५४ साली, फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्थानातील स्कुटारी येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधील उस्कुदार येथे, गेल्या. पुढे १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास शुद्धीवर येईपर्यंत शस्त्रक्रियागृहाजवळच्या स्वतंत्र खोलीत ठेवण्याविषयी त्यांनी १८६३ साली लिहून ठेवले आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. वॉल्टर डँडी यांनी १९२३ मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी तीन खाटांचा खास विभाग काढला. तरीही परिचारिकेने डॉक्टरांची आज्ञा पाळावी आणि बदल दिसल्यास कळवावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

कोपनहेगनची साथ

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. या रोगात श्वासाचे स्नायू लुळे पडले म्हणजे रुग्ण गुदमरतो. ब्लेगडाम रुग्णालयात अशा रुग्णांसाठी त्या वेळी मोठे श्वसनयंत्र एकच होते आणि छातीवर बसवायची लहान यंत्रे सहा होती. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडू लागलेले ३१ रुग्ण आले आणि त्यांतील २७ दगावले. तेव्हा तेथील प्रमुख डॉ. लासेन यांनी भूलतज्ज्ञ डॉ. ब्योर्न इब्सेन यांना बोलाविले. २७ ऑगस्ट रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविण्यात आली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसांत हवा भरण्यात आली. मुलगी वाचली.

यंत्रे नव्हती, पण उपाय सापडला होता. सुमारे दीड हजार वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशेजारी बसून पिशव्या दाबू लागले. साथ भरात असताना एकाच वेळी सत्तर रुग्णांचा श्वास असा माणसांच्या हातांवर चालला होता. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये डॉ. इब्सेन यांनी त्याच शहरातील कम्यून रुग्णालयात गंभीर रुग्णांचा कायमचा विभाग सुरू केला. आजच्या अतिदक्षता विभागाचा आरंभ पुष्कळजण तेथून मानतात. त्या साथीने जगाला एक गोष्ट शिकविली. गंभीर रुग्णाजवळ, शिकविलेला माणूस अखंड असावा लागतो.

चार मिनिटांचा प्रश्न

यानंतरचा टप्पा हृदयविकाराचा. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाच्या हृदयाचे खालचे कप्पे कधी कधी एकाएकी नुसते थरथरू लागतात. रक्त पुढे ढकलले जात नाही, आणि तीन-चार मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. बाहेरून विजेचा धक्का देऊन ही थरथर थांबविता येते, हे डॉ. पॉल झोल यांनी १९५६ मध्ये दाखविले. १९६० मध्ये कौवेनहोवेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली. म्हणजे साधने हाती आली होती. पण डॉक्टर दुसऱ्या मजल्यावरून धावत येईपर्यंत चार मिनिटे उलटून जात, त्याचे काय करावयाचे?

याचे उत्तर १९६१ साली डॉ. डेस्मंड ज्युलियन या तरुण डॉक्टरांनी दिले. झटका आलेल्या रुग्णांना एकाच विभागात ठेवावे, त्यांच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख सतत पाहावा, धक्का देण्याचे यंत्र जवळ असावे, आणि डॉक्टर नसतील तेव्हा प्रशिक्षित परिचारिकेने स्वतः उपचार सुरू करावेत, अशी त्यांची सूचना होती. १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील बेथनी रुग्णालयात डॉ. ह्यूज डे यांनी असा विभाग उघडला. फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी याच सुमारास काम हाती घेतले.

यातील चौथी सूचना सर्वांत अवघड ठरली. आलेख वाचणे, निदान करणे आणि विजेचा धक्का देणे ही डॉक्टरांची कामे. ती परिचारिकेकडे कशी द्यावयाची, अशी शंका त्या काळी अनेकांनी घेतली. मेल्टझर व पिनिओ यांनी त्या शंकेला शिक्षणाने उत्तर दिले. त्यांनी परिचारिकांना हृदयाची रचना, आलेखातील प्रत्येक चढउताराचा अर्थ, औषधांचे परिणाम आणि यंत्राचा वापर पद्धतशीर शिकविला. या शिक्षणातून परिचारिकांसाठी लिहिलेले त्यांचे मार्गदर्शक पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले.

परिणाम काय झाला? न्यूयॉर्कच्या डॉ. किलिप व डॉ. किम्बॉल यांनी १९६७ मध्ये अशा विभागातील २५० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्यांचा रक्तदाब खचलेला नव्हता अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण साध्या वॉर्डात शेकडा २६ होते, ते या विभागात शेकडा ७ वर आले. पालकहो, या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे किती घरांतील कर्ते माणूस घरी परतले, याचा आपणच विचार करावा.

शिक्षणाला शिस्त आली

मग हे शिक्षण एखाद्या डॉक्टरांच्या उत्साहावर सोडून चालेना. अमेरिकेत १९६९ साली या परिचारिकांनी आपली संघटना स्थापन केली आणि १९७६ पासून त्यांच्यासाठी प्रमाणपत्राची खास परीक्षा सुरू झाली. इंग्लंड-वेल्समध्ये १९७० साली मूळ शिक्षणानंतरच्या अभ्यासक्रमांसाठी संयुक्त मंडळ नेमले गेले आणि अतिदक्षता परिचर्येचा अभ्यासक्रम त्याने ठरवून दिला. श्वसनयंत्रावरील रुग्णाच्या नळीतील कफ काढणे, रक्तातील वायूंचा अहवाल समजून घेणे, तासातासाला लघवीचे मोजमाप करून मूत्रपिंडाची स्थिती ओळखणे, बेशुद्ध रुग्णाच्या डोळ्यांची व पाठीची काळजी घेणे, अशा अनेक गोष्टी यात येतात. पुस्तक वाचून परीक्षा देता येते, परंतु हे काम अनुभवी परिचारिकेच्या देखरेखीखाली खाटेशेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

ज्ञानाबरोबर अधिकार का हवा, याचे एक अलीकडचे उदाहरण सांगतो. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन अतिदक्षता विभागात रुग्ण दगावत. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी त्यावर पाच नियमांची साधी यादी केली. हात धुणे हा त्यांतील पहिला नियम. डॉक्टरांनी एखादा नियम गाळल्यास काम तेथेच थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील १०३ विभागांचा वृत्तांत २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नळी दर हजार दिवस वापरली असता संसर्गाचे मध्यक प्रमाण २.७ होते, ते तीन महिन्यांत शून्यावर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. शिकलेल्या परिचारिकेने "थांबा" म्हणावे आणि इतरांनी ते ऐकावे, एवढाच बदल.

आपल्याकडे

आपल्या देशात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली आणि शिक्षणाचा दर्जा ठरविण्याचे काम तिच्याकडे आले. बारावीनंतर जी.एन.एम. किंवा चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग असे मार्ग आहेत. बी.एस्सी.साठी बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र हे विषय लागतात. नोंदणी झाल्यावर अतिदक्षता परिचर्येचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करता येतो. पदवीधरांसाठी याच विषयात दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही परिषदेने आखला आहे. मुलांनाही ही दारे खुली आहेत.

असे असूनही नर्सिंगचे नाव काढले की आपल्या अनेक घरांतून नकार येतो. रात्रपाळी असते, परक्या माणसांची घाण काढावी लागते, असे सांगितले जाते. रात्रपाळी असते हे खरेच आहे. मृत्यू रात्र पाहून थांबत नाही, म्हणूनच ती असते. घाण काढावी लागते हेही खरे. पण तीच मुलगी श्वसनयंत्राचा इशारा ऐकून नळी अडली की सुटली हे सांगते, आणि पहाटे तीन वाजता आलेखावरील रेघ बिघडताच आपल्या हाताने धक्का देऊन एखाद्याच्या वडिलांना परत आणते. २०२० व २०२१ च्या कोरोना साथीत नातेवाइकांना आत जाता येत नव्हते, तेव्हा आपल्या माणसांजवळ कोण उभे होते, हे आठवून पाहावे.

त्या साथीत खाटा व श्वसनयंत्रे धावपळ करून वाढविता आली. प्रशिक्षित परिचारिका मात्र महिन्याभरात तयार होत नाही. तिच्यामागे शाळेतील विज्ञान, पदवीची चार वर्षे आणि खाटेशेजारचा अनुभव असावा लागतो. म्हणून तिची तयारी इस्पितळाच्या कितीतरी आधी, आपल्या घरात आणि आपल्या वर्गात सुरू होते.

विद्यार्थिनींनो व विद्यार्थ्यांनो, जीवशास्त्राच्या पुस्तकातील हृदयाची आकृती केवळ गुणांसाठी काढू नका. कोणता कप्पा कोठे रक्त ढकलतो, हे नीट समजून घ्या. आणि पालकहो, बारावीचा निकाल हाती घेऊन एखादी मुलगी "मला नर्सिंगला जायचे आहे" असे म्हणाली, तर उत्तर देण्यापूर्वी हा इतिहास एकदा आठवा. तिला नकार देण्याआधी किमान एवढे विचारा, "कोणत्या कॉलेजात, आणि पुढे काय शिकणार?"