चित्राचा धाक

लेखाला लेखानें उत्तर देतां येतें. चित्राला उत्तर काय द्यावें, हा प्रश्न फ्रान्सचा राजा लुई फिलिप याला फार जड गेला.

१८३० च्या क्रांतीनंतर तो गादीवर आला, तेव्हां मुद्रणावर पूर्वनियंत्रण पुन्हा कधींहि येणार नाहीं, असें अभिवचन नव्या सनदेनें दिलें. त्याच वर्षीं शार्ल फिलिपाँ यानें पॅरिसमध्यें ‘ला कारिकात्यूर’ हें सचित्र साप्ताहिक काढलें. त्यांतील चित्रें शिळाछापाचीं असत. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, दगड भिजवावयाचा व शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या जागीं शाई धरत नाहीं, रेषेवर मात्र बसते. कोरकामाचा वेळ वाचल्यामुळें ताज्या घडामोडीवर ताजें चित्र निघूं लागलें.

फिलिपाँच्या चित्रकारांत ओनोरे दोमिये अग्रगण्य. रयतेचा पैसा टोपल्यांनीं गिळणारा राक्षस म्हणून त्यानें राजाला रंगविलें. त्यापायीं १८३२ सालीं तो तुरुंगांत गेला. १८३४ च्या एप्रिलांत सैनिकांनीं पॅरिसच्या त्रान्सनोनँ रस्त्यावरील एका घरांत शिरून रहिवाशांची कत्तल केली. दोमियेनें त्यावर विनोद केला नाहीं. बिछान्यालगत रात्रीच्या सदऱ्यांत पडलेला बाप आणि त्याच्या देहाखालीं चिरडलेलें मूल, एवढेंच दाखविलें.

सप्टेंबर १८३५ मध्यें कायदा झाला: लेखाला पूर्वपरवानगी नको, चित्राला मात्र हवी. सनद मतांना अभय देते, चित्र ही तर कृति आहे, असा सरकारी युक्तिवाद होता. परंतु निरक्षरालाहि चित्र वाचतां येतें, ही त्यामागची भीति. राजा १८४८ सालीं परागंदा झाला. चित्रांवरील बंधन मात्र उठत व पुन्हा बसत अखेर १८८१ सालीं गेलें.