मूळ गाव कोणतं?

नाशिकच्या रामकुंडावर तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात, पण तेवढ्यानं वही उघडत नाही. ‘मूळ गाव?’ हा पुढचा प्रश्न खरा. तीन पिढ्या ठाण्यात काढलेला माणूस ‘ठाणे’ म्हणाला की गुरुजी मान हलवतात. त्यांना पणजोबांनी सोडलेलं गाव हवं असतं. ते कळलं की बाड सुटतं आणि मोडीतली पानं उलटू लागतात.

नोंद बहुधा यजमानाच्याच हातची. स्वतःचं नाव, बापाचं, आजाचं, भाऊ, मुलगे, पुतणे, सोबत आलेली मंडळी, तिथी आणि खाली सही. हा खटाटोप कुणी इतिहासासाठी केला नाही. श्राद्धाला बाप-आजा-पणजा, आई-आजी-पणजी आणि आईच्या माहेरचे तीन पुरुष सपत्नीक लागतात. पणजीचं नाव कितीजणांना आठवतं? ऐनवेळी अडायला नको म्हणून लिहून ठेवलं, आणि त्या धार्मिक गरजेपोटी वंशावळी टिकल्या.

गावावर एवढी भिस्त का, तर आपली आडनावं बेभरवशाची. नाशिकजवळ गंगापूरला उत्तरायुष्य काढलेल्या गोपिकाबाई पेशवे माहेरच्या रास्ते. आणि हे रास्ते मुळात वेळणेश्वरचे गोखले. खुद्द पेशवेही मूळचे भट. हुद्दा मिळाला की तो नावाला चिकटे, आणि हुद्दा गेला तरी आडनाव राही. महसुली पाटीलकी १९६२च्या कायद्यानं गेली. पाटील मात्र गावोगाव आहेत. एक भाऊ वतनावर राहून कुलकर्णी, दुसरा परगावी जाऊन गावाच्या नावाला ‘कर’ लावून मोकळा. आडनाव धरून शोध घेणारा इथेच चकतो.

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये फ्रेंच घराण्यांचा माग काढणाऱ्यांचीही हीच पंचाईत. १६६५मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्याँ-सालिएर पलटणीतल्या शिपायांना लष्करी टोपणनावं असत. ती आडनावापुढे ‘दी’, म्हणजे आपलं ‘ऊर्फ’, लावून लिहीत. पुढच्या पिढ्यांत कुणी अलीकडचं अर्धं ठेवलं, कुणी पलीकडचं, आणि सख्ख्या भावांचे वंश दोन आडनावांनी वाढले. तिथे वही चर्चची. पण त्या वहीत बाई लग्नानंतरही माहेरच्याच नावानं सापडते. १९८१पासून तर कायद्यानंच तिचं जन्मनाव कायम. ही एक गोष्ट हेवा वाटावी अशी आहे.

कारण आपल्याकडे नेमका तिथेच माग तुटतो. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव, बापाचं नाव, आडनाव, तिन्ही एका दमात गेली. सासरच्या वहीत ती ‘अमक्याची बायको’. तिच्या बापाचा शोध घ्यायचा तर तिच्या माहेरचं गाव माहीत हवं, आणि मग उपाध्यायही बहुधा दुसरे.

पुरुषांत असा पालट दत्तकानं होई. कुसुमाग्रजांचं जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांकडे दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. स्वतःचं आणि बापाचं, दोन्ही नावं बदलली. टिकलं ते निफाड तालुक्यातल्या शिरवाड्यावरून पडलेलं आडनाव. (टोपणनाव घेतलं तेही धाकट्या बहिणीवरून. बहिणीच्या नावानं ओळख सांगणारा पुरुष कुठल्याही वहीत विरळाच.)

१ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आता आईचं नाव सक्तीचं आहे : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. चांगलंच झालं. पण आईचं नुसतं नाव येतं, तिचं माहेरचं आडनाव नाही. तेव्हा घरात कुणी म्हातारी बाई असेल तर तिला आजच विचारून घ्यावं : माहेरचं नाव, बापाचं नाव, आणि बापाचं मूळ गाव. तालुक्यासकट, कारण एकाच नावाची गावं पुष्कळ असतात.