जमैकातील बालवीर : वसाहतीकडून यजमानपदाकडे

जमैकाच्या टपाल खात्याने ५ मार्च १९५२ रोजी दोन तिकिटे प्रसिद्ध केली. एकावर कॅरिबियन बेटांचा नकाशा होता, दुसऱ्यावर जमैकाचा. दोन्हींवर बालवीरांचे चिन्ह होते. निमित्त होते पहिल्या कॅरिबियन जांबोरीचे, म्हणजेच बालवीरांच्या महामेळाव्याचे. तेव्हा ब्रिटिश वसाहत असलेल्या या बेटाने शेजारच्या बेटांतील मुलांचे यजमानपद भूषविले. त्यामागे चार दशकांची वाटचाल होती.

बालवीर चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर विसेक मुलांचे प्रायोगिक शिबिर घेतले. पुढच्याच वर्षी त्यांचे मार्गदर्शनपर पुस्तक पाक्षिक भागांतून प्रसिद्ध झाले आणि चळवळ साम्राज्यभर पसरू लागली. ब्रिटिश गयानात ती १९०९ मध्ये पोहोचली, जमैकात १९१० मध्ये, त्रिनिदादमध्ये १९११ मध्ये, तर बार्बाडोसमध्ये १९१२ मध्ये.

या वेगाचे एक कारण पथकाच्या सुटसुटीत रचनेत आहे. सहा ते आठ मुलांची एक तुकडी, तिचा नायक मुलांपैकीच एक आणि अशा काही तुकड्यांचे मिळून एक पथक. गाठी मारणे, प्रथमोपचार, माग काढणे, खुणांनी संदेश पाठविणे हा त्यांचा अभ्यास. एक मोकळे मैदान, एक पुस्तक आणि वेळ देणारा एखादा प्रौढ एवढ्या भांडवलावर पथक उभे राहू शकत असे.

बेडन-पॉवेल जानेवारी १९१२ मध्ये ‘आर्केडियन’ या जहाजाने वेस्ट इंडीजमार्गे अमेरिकेला निघाले. याच प्रवासात त्यांची ओलेव्ह सोम्स या तरुणीशी भेट झाली आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला दोघे विवाहबद्ध झाले. पुढे ओलेव्ह यांनी मुलींच्या गाइड चळवळीचे जागतिक नेतृत्व केले.

लंडनच्या ऑलिम्पिया सभागृहात १९२० मध्ये पहिली जागतिक जांबोरी भरली. तंबू ठोकता यावेत म्हणून सभागृहात फूटभर जाडीचा मातीचा थर पसरण्यात आला होता. तेथे मांडलेल्या प्राण्यांत ऱ्होडेशियाची सिंहीण-छावी आणि दक्षिण आफ्रिकेची माकडे यांच्या जोडीला जमैकाहून आणलेले मगरीचे पिल्लूही होते. साम्राज्याच्या राजधानीत वसाहतींची ओळख तेव्हा अशी नवलाईच्या वस्तूंवरून होत असे.

बालवीर हा प्रत्येक बालवीराचा बंधू होय, असे चळवळीचा चौथा नियम सांगतो. वसाहतींत याच नियमाची खरी कसोटी लागली. भारतात १९०९ मध्ये बंगळुरूला पहिले पथक निघाले, ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरते. भारतीय मुलांना दारे बंद असल्याने अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला स्वतंत्र संघटना स्थापन केली. दक्षिण आफ्रिकेतही कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळी संघटना होती. जमैकाच्या लोकसंख्येत गोरे अत्यल्प आणि आफ्रिकी गुलामांचे वंशज बहुसंख्य होते. त्यामुळे तेथे चळवळ खऱ्या अर्थाने रुजायची, तर ती या बहुसंख्यांच्या मुलांतच रुजणे भाग होते.

१९५२ च्या जांबोरीचे महत्त्व या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. लंडनमधील प्रदर्शनात मगरीच्या पिल्लावरून ओळखले गेलेले बेट आता स्वतः यजमान झाले होते. दुसरी कॅरिबियन जांबोरी १९६१ मध्ये त्रिनिदादला झाली. ६ ऑगस्ट १९६२ रोजी जमैका स्वतंत्र झाला आणि १९६३ मध्ये तेथील बालवीर संघटनेला जागतिक संघटनेचे स्वतंत्र सदस्यत्व मिळाले. साम्राज्यासाठी आज्ञाधारक नागरिक घडविणारी मानली गेलेली ही चळवळ अखेर एका स्वतंत्र राष्ट्राची संस्था बनली.